घरचं बजेट: लिहायचं कुणी आणि वाचायचं कुणी?

उंबरठा

घरचं बजेट लोक का करत नाहीत, याची उत्तरं आपल्याकडे ठरलेली आहेत. वेळ नाही, कंटाळा येतो, आकडेमोड जमत नाही. मला यातलं एकही पटत नाही.

आकडेमोड जमत नाही म्हणावं, तर दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर वर्षानुवर्षं बिनचूक लिहिणारी घरं मी पाहिली आहेत. लग्नात आहेराची वही घेऊन बसलेला मामा कुणाच्या पाकिटात किती होते ते रुपयापर्यंत उतरवतो, आणि ती वही पुढे कपाटात जपून ठेवली जाते, कारण त्यांच्याकडच्या कार्यात तेवढंच परत करायचं असतं. चार मित्र गोव्याला जाऊन आले की गाडी पुण्यात शिरायच्या आत हिशेब ग्रुपवर पडतो. बचत गटाचं तर विचारूच नका. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेब लिहिणं ही त्यांची पंचसूत्रीच आहे. मी नाशिकला एका सीएच्या ऑफिसात काम करते आणि ओळखीच्या काही गटांच्या वह्या सवडीने बघून देते. आठवी-नववी शिकलेल्या बायका व्याजासकट चोख लिहितात. त्यातल्याच एकीला विचारलं, घरी किराण्याला महिन्याला किती लागतात? तर म्हणे, "लागतात बाई, असतील तेवढे."

मग घरातच हात का आखडतो? मला वाटतं, गटाची वही दहा जणींची असते. आहेराची वही सगळ्या खानदानाची. घरची वही मात्र एकाने लिहायची आणि दुसऱ्याने वाचायची. वाचणारा विचारतो, "हे साडेसातशे कशाचे?" झालं, आता हिशेब संपला आणि जाब सुरू झाला. म्हणून बायका लिहीत नाहीत. पुरुषही लिहीत नाहीत, कारण टपरीवरचं खातं, मित्राला दिलेले उसने, गावी भावाला गुपचूप पाठवलेले हे आकडे त्यांच्याकडेही असतातच.

तुमच्याकडे काय आहे ते लिहा. कुठलं ॲप चांगलं यावर कृपया नको, त्याचे धागे ढिगाने आहेत.

बाजीराव_रोडवर

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी लिहितो.

सदोबा

एवढं मानसशास्त्र कशाला? पगार पुरत नाही म्हणून लोक बजेट करत नाहीत. महिनाअखेर काही उरणारच नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याने लिहून काय ओवाळायचंय?

रानजाई

सदोबा, उलट आहे. ज्याचा पगार खरोखर कमी आहे त्याला वही लागतच नाही, त्याचं बजेट तोंडपाठ असतं. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना कुठल्या तारखेला कुणाचे किती द्यायचेत ते विचारा. भाडं, सिलिंडर, पोराची फी, गटाचा हप्ता, एका दमात सांगतील. बजेट टाळतो तो मधला. भागतं तर आहे, पण कसं ते कळत नाही असा.

सदोबा

म्हणजे मीच. बरं.

कापूसकोंडा

महिन्याचं बजेट ही पगारदारांची गोष्ट आहे. आमच्याकडे महिना नसतो, हंगाम असतो.

मी वाशिम जिल्ह्यातला. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतं, तूर जानेवारीच्या आसपास, हरभरा फेब्रुवारी-मार्चात. आडत्याकडून पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब आणि पैसे) हातात पडते ती हमाली-तोलाई वजा होऊन, आणि तो पैसा घरी पोचायच्या आधीच वाटला गेलेला असतो. कृषी सेवा केंद्राची जूनपासूनची उधारी, सोंगणीचे मजूर, मळणीयंत्र, ट्रॅक्टरवाला. राहिलं त्यात दिवाळी. मग 31 मार्च आला की पीककर्ज नवं-जुनं करायचं. वेळेत भरलं तर 3 लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज पडत नाही, म्हणून लोक पाहुण्याकडून नाहीतर सावकाराकडून चार दिवसांसाठी रक्कम उचलतात, बँकेत भरतात, कर्ज परत मंजूर झालं की उचलतात आणि ज्याचे त्याला देऊन टाकतात. आता सांगा ताई, हे तुमच्या वहीत जमेला लिहू की खर्चाला?

आणि भाव? 2024-25 च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता. आमच्याकडे बहुतेकांनी त्याच्या खालीच विकलं, कारण सरकारी खरेदीची वाट बघायला उधारीवाला तयार नसतो. जूनमध्ये पेरताना मी वहीत कोणता आकडा लिहायला हवा होता? ज्याची जमाच दुसरे ठरवतात, तो खर्च काय ठरवणार.

एक मात्र ताईंच्या बाजूचं सांगतो. 2024 पासून लाडक्या बहिणीचे 1,500 बायकोच्या खात्यावर येतात. त्या पैशाचं तिचं नियोजन पक्कं आहे. इतके पोरीच्या शिकवणीला, इतके गटात, इतके तिचे. पट्टीच्या लाख रुपयांचं बजेट या घरात कधी झालं नाही, पण त्या 1,500 चं होतं. तो पैसा तारखेचा आहे (थोडी मागेपुढे होते ती सोडा) आणि तिचा आहे.

उंबरठा

कापूसकोंडा, नवं-जुनं जमाही नाही आणि खर्चही नाही. त्या चार दिवसांचं जे व्याज गेलं ते तेवढं खर्चात. पण तुमचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. शेताचा आणि चुलीचा पैसा एकाच खिशातून जातो तिथे महिन्याचा कागद काही कामाचा नाही. तिथे वर्षाची वही लागते, आणि ती जूनला सुरू व्हायला हवी, एप्रिलला नाही.

खानेसुमारी

सरकारच्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणासाठी मी दारोदार फिरलेला माणूस आहे. लोकांना त्यांचा खर्च विचारणं हीच माझी नोकरी होती, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पूर्वी सगळी प्रश्नावली एकाच बैठकीत भरायची. यादी शेकडो वस्तूंची. मीठ, जिरे, काडेपेटी, चपला, फी, रिक्षा. तासाभराने समोरची बाई म्हणणार, "दादा, लिहा आता तुमच्या मनाने." 2022-23 च्या फेरीपासून तीन वेगवेगळ्या भेटी ठेवल्या. एकीत खाणंपिणं, दुसरीत साबणापासून भाड्यापर्यंतच्या वस्तू आणि सेवा, तिसरीत कपडे-भांडी-टीव्हीसारख्या टिकाऊ वस्तू.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक गोष्ट किती दिवसांची विचारायची ते ठरलेलं असतं. भाजी, फळं, अंडी, मासे, तेल, मसाले, बाहेरचं खाणं, पान-तंबाखू हे फक्त मागच्या 7 दिवसांचं. धान्य, डाळी, दूध, साखर, भाडं हे 30 दिवसांचं. कपडे, चपला, शिक्षण, इस्पितळात दाखल झाल्याचा खर्च हे 365 दिवसांचं. भाजीला महिन्याला किती जातात हे कुणालाच धड सांगता येत नाही, असं सरकारने गृहीतच धरलंय. आपण मात्र पहिल्या तारखेला वही घेतो आणि सगळं एकाच महिन्याच्या साच्यात घालतो. जूनमध्ये शाळेची फी आणि गणवेश आला की साचा फुटतो. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती येतात तेव्हा वही कुठे आहे तेही आठवत नाही. लोक याला आपला आळस समजतात.

2023-24 चे देशभराचे आकडे सांगतो. शहरात दरडोई महिन्याचा खर्च 6,996 रुपये, खेड्यात 4,122. त्यातला खाण्याचा वाटा शहरात 39.68 टक्के, खेड्यात 47.04. आणि खाण्यामध्ये सगळ्यांत मोठा वाटा कशाचा? धान्याचा नाही, दुधाचा नाही, भाजीचाही नाही. पेयं, बाहेरचा नाश्ता आणि तयार पदार्थ यांचा. शहरात तसंच आणि खेड्यातही तसंच. घरात वही ठेवलीच तर नेमका हाच खर्च तिच्यात नसतो.

आता उंबरठाताईंच्या मुद्द्यावर. नवरा समोर बसलेला असताना बाई साड्यांचा आकडा कमी सांगते. सासरे समोर असताना मुलगा तंबाखूपुढे शून्य लिहायला लावतो, आणि मला पोचवायला फाटकापर्यंत येऊन हळूच खरा आकडा सांगतो. सरकारला सांगायला त्यांना काहीच वाटत नव्हतं, घरात ऐकू जायला नको होतं.

सदोबा

6,996 मध्ये शहरात माणूस राहतो? आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सच त्याच्या निम्मा आहे.

खानेसुमारी

दरडोई आहे ते. चौघांच्या घराला 28 हजारांच्या आसपास. आणि 'शहर' यात फक्त मुंबई-पुणं नाही, वाशीम आणि वेंगुर्लाही धरलेलं असतं.

बाजीराव_रोडवर

आलो. मी आयटीत, बायकोही नोकरी करते.

2016 ला यूपीआय आलं तेव्हा वाटलं, चला, आता प्रत्येक रुपयाची नोंद आपोआप होणार. नोंद झालीसुद्धा. पण स्टेटमेंट उघडून बघा. भाजीवालीच्या जागी तिच्या पोराचं नाव, सलूनवाल्याच्या जागी त्याच्या मेहुण्याचं. 20, 35, 120, परत 35. पंधरा दिवसांनी ही कोथिंबीर होती की वडापाव, देव जाणे. सगळं लिहिलेलं आहे आणि काही कळत नाही.

पण हे वरवरचं कारण झालं. आमचं खरं कारण वेगळं आहे आणि ते इथे निनावी आहे म्हणून लिहितोय. घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. किराणा, शाळा, व्हॅनवाले काका, कामवाल्या मावशी, दिवाळीची खरेदी हे तिच्या पगारातून. रकमा साधारण सारख्या. एका रविवारी हौसेने एक्सेल मांडलं. ती बराच वेळ त्या दोन रकान्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, "दहा वर्षांनी तुझ्या रकान्यातून एक घर निघेल. माझ्या रकान्यातून काय निघेल?"

त्या दिवशी एक्सेल बंद केलं. पुन्हा उघडायची टाळाटाळ दोघेही करतोय, हे दोघांनाही माहीत आहे.

रानजाई

घर कुणाच्या नावावर आहे?

बाजीराव_रोडवर

कर्जात ती सहकर्जदार आहे. करारनाम्यात मी एकटा.

रानजाई

म्हणजे देणं दोघांचं आणि घर एकाचं. आणि जखमेवर मीठ नको, पण घर फक्त तिच्या नावाने घेतलं असतं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, 2021 पासून.

बाजीराव_रोडवर

आम्ही 2019 ला घेतलं. पण हो, तेव्हा दोघांची नावं घालावीत हेही सुचलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही, ना बँकेने ना बिल्डरने ना आमच्या दोघांच्या घरच्यांनी.

उंबरठा

बक्षीसपत्र करून तिचं नाव घालता येतं. नवरा-बायकोत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, मात्र कर्ज चालू असताना बँकेची परवानगी आधी घ्यावी लागते. वकिलाला भेटा. आणि ते झाल्यावर एक्सेल उघडा, आधी नको.

शेवंती

वाचत होते, आता राहवत नाही.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री आमच्याकडे सगळे टीव्हीसमोर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मला आत बोलावलं आणि तूरडाळीच्या डब्याच्या तळातून 500 च्या नोटांची सुरळी काढली. मग रव्याच्या डब्यातून दुसरी. कपाटातल्या जुन्या पैठणीच्या घडीत हजाराच्या. कुणाला न सांगता बदलून आण म्हणाल्या. रक्कम एवढी होती की रांगेत उभं राहून चार हजार बदलण्याने काही होणार नव्हतं, खात्यात भरावीच लागली आणि सासऱ्यांना कळलं. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी होणार नाही, असं सरकारने तेव्हा जाहीर केलं होतं. आयकरवाल्यांनी खरंच काही विचारलं नाही. घरच्यांनी विचारलं. "कधीपासून?" हा पहिला प्रश्न, आणि मग दिवाळीपर्यंत नाही, पुढच्या दिवाळीपर्यंत टोमणे.

तो सगळा पैसा घरखर्चातून मागे टाकलेला होता. साखर अर्धा किलो कमी, रिक्षाऐवजी चालत, जुन्या साडीच्या उशा. ज्या घरात बाईच्या नावावर काही नाही तिथे तिने तेवढंच स्वतःचं जमवलेलं. आता मला सांगा, त्यांनी महिन्याचं बजेट लिहिलं असतं तर वाचलेला प्रत्येक रुपया कागदावर दिसला असता, आणि दिसला की पुढच्या महिन्यात तेवढेच कमी हातात पडले असते. बजेट न करणं हीच त्यांची बचत होती. बायकांना आर्थिक साक्षरतेचे धडे देणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावं.

आणि नणंदेच्या पहिल्या बाळंतपणात सिझेरियनचे पैसे याच डब्यातून गेले होते. ते तेव्हा सगळ्यांना चाललं. कुठून आले हे कुणी विचारलं नाही.

सदोबा

भावना समजतात. पण स्पष्ट बोलायचं तर नवऱ्याने घरखर्चाला दिलेले पैसे लपवणं याला दुसरा शब्द आहे.

शेवंती

तो शब्द लिहाच. आणि मग सासूबाईंनी त्या घरात केलेल्या चाळीस वर्षांच्या स्वयंपाकाचा पगार कुठल्या रकान्यात आहे तेही लिहा.

संचालक

धागा चांगला चाललाय. व्यक्तिगत रोख नको.

वेंगुर्लेकरीण

माझे मिस्टर बोटीवर असतात. आठ-नऊ महिन्यांचा करार, मग दोन-तीन महिने घरी. घरी असले की पगार नाही.

ते बोटीवर असतात तेव्हा माझं बजेट घट्ट. दर महिन्याला ठरलेली रक्कम खात्यात येते, हप्ते जातात, मुलांचं जातं, सासूबाईंची औषधं, लाईटबिल. थोडे बाजूला टाकते. एक वही आहे, तीच चालते. ते आले की वही बंद. सुरमई-पापलेटशिवाय बाजारातून परत येणार नाहीत, रोज पाहुणे, छपराचं काम काढतील, देवळात पावती फाडतील, भाचीच्या लग्नात अंगठी. मी एका शब्दाने बोलत नाही.

गावातल्या बायका म्हणतात, नवरा आला की हिला भान राहत नाही. तसं नाही. वही उघडून बेरीज केली की कळतं, आता किती दिवस पुरतील. आणि किती दिवस पुरतील हे कळलं की पुढचा प्रश्न येतो, मग परत कधी जाणार? तो प्रश्न मला विचारायचा नसतो आणि त्यांना ऐकायचा नसतो. कंपनीचा फोन येईपर्यंत तेवढे दिवस आम्ही दोघं श्रीमंत.

तुमचं जाब विचारण्याचं कारण आमच्या घरात नाही. ते मला कधी विचारत नाहीत, मी त्यांना विचारत नाही.

रानजाई

वेंगुर्लेकरीण, ❤️.

उंबरठा

वेंगुर्लेकरीणताई, मान्य. माझा मुद्दा तुमच्या घराला लागू नाही.

मी स्वतः पुढे काय करणार ते सांगते. खानेसुमारींच्या तीन मुदती मी उचलल्या. भाजी-बाहेरचं खाणं आठवड्याचं, किराणा-भाडं महिन्याचं, आणि फी, विमा, गणपती-दिवाळी, दवाखाना हे वर्षाचं वेगळ्या पानावर. त्या वर्षाच्या पानाला बाराने भागून तेवढी रक्कम दर महिन्याला आरडीत. आणि चौथं पान हातखर्चाचं. नवरा-बायको दोघांना ठरावीक रक्कम, तिचं काय केलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही. साडी घ्या, डब्यात टाका, माहेरी द्या.

शेवंती

चौथं पान ऐकायला छान आहे. ती रक्कम ठरवणार कोण? "विचारणार नाही" ही जर परवानगी असेल, तर ती काढूनही घेता येते. डबा कुणाच्या परवानगीवर नव्हता.

उंबरठा

याला माझ्याकडे उत्तर नाही. पगार आल्यावर ती रक्कम थेट तिच्या एकटीच्या खात्यात जायला हवी, संयुक्त खात्यात नव्हे, एवढंच सुचतंय. आणि जिथे तेवढंही होणार नाही, तिथे डबा असू द्यावा आणि माझ्यासारखीने तिथे बजेटचं नाव काढू नये.

कापूसकोंडा

खानेसुमारी साहेब, ते 365 दिवसांचं पान आमच्यासारख्यांना जमेल. जूनला सुरू करतो. बायकोच्या 1,500 ना त्यात हात लावत नाही.

रानजाई

एक बारीक शंका. भिशीचा नंबर लागला की आलेली रक्कम जमेला धरायची का? आमच्याकडे दर वेळी यावरून गोंधळ होतो. नंबर लागला की घरात सणच असतो, आणि दोन महिन्यांत पैसे गायब.

उंबरठा

नाही धरायची. चिठ्ठीची भिशी असेल तर ते तुमचेच पैसे आहेत, काही आधी भरलेले, काही पुढे भरायचे. लवकर नंबर लागला तर ते चक्क बिनव्याजी कर्ज आहे, पुढचे हप्ते राहिलेच आहेत. लिलावाची भिशी असेल तर बोली लावून जेवढी रक्कम सोडलीत तेवढी खर्चात लिहा, व्याज म्हणून. आणि दुसऱ्या कुणी सोडलेल्यातून तुमच्या वाट्याला जे आलं, ते तेवढं जमेला.